तरंगत्या प्लॅटफॉर्मची टाकीतली चाचणी: वारा आणि लाटा सोडण्याआधीचं काम आणि नंतरचं

मुंबई हायचे जॅकेट प्लॅटफॉर्म सुमारे ७५ मीटर पाण्यात समुद्रतळाला खिळलेले आहेत. लाट आली की ते तिला भिडतात. त्यांचा स्वतःचा डोलण्याचा आवर्तकाल दोन-चार सेकंदांचा आणि मोठ्या लाटांचा दहा-पंधरा सेकंदांचा, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. पाणी खोल होत गेलं की असा ताठपणा परवडत नाही. मग लाटेला वाट देणारी रचना करतात: ताणलेल्या टेंडनवर (समुद्रतळाशी जोडलेल्या उभ्या दोरांवर किंवा नळ्यांवर) उभा टीएलपी, लवचीक टॉवर किंवा साखळ्यांनी बांधलेला, अर्धवट बुडालेला तरंगता सेमी-सबमर्सिबल. यांचा आडवं सरकण्याचा आवर्तकाल लाटांच्या बराच वर नेऊन ठेवलेला असतो. लाटांपासून सुटका होते, पण वाऱ्याचे संथ झोत आणि लाटांच्या गटांमुळे येणारा मंद ढकल नेमके त्याच पट्ट्यात येतात. म्हणूनच अशा रचनेचं लहान मॉडेल टाकीत ठेवून त्याला लाटा आणि वारा एकत्र लावून बघावं लागतं.

खालची पद्धत एका खऱ्या उदाहरणावर बेतलेली आहे. डीपसी-विंड प्रकल्पातला सेमी-सबमर्सिबल, वर ५ मेगावॅटची संदर्भ पवनचक्की, प्रमाण १:५०. अमेरिकेतल्या मेन विद्यापीठाच्या पुढाकाराने नेदरलँड्समधल्या मारिन संस्थेच्या टाकीत २०११ मध्ये याची चाचणी झाली आणि २०१३ मध्ये पुन्हा झाली. याच रचनेचे आकडे पुढे आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी प्रसिद्ध झाले, त्यामुळे नव्याने चाचणी करणाऱ्याला ताडून बघायला हे उदाहरण सोयीचं आहे. दुसऱ्यांदा चाचणी का करावी लागली, ते पुढे येईलच.

प्रमाण ठरवताना

लाटांचा खेळ गुरुत्वाकर्षणाचा, म्हणून फ्राउडचा नियम धरायचा (गुरुत्वाकर्षण आणि जडत्व यांचं प्रमाण मॉडेलमध्येही तेच ठेवायचं). १:५० ला गुणक असे येतात:

- लांबी ५०
- काळ आणि वेग ७.०७ (५० चं वर्गमूळ)
- वस्तुमान आणि बल १,२५,०००, आणि टाकीत गोडं पाणी असेल तर त्याला आणखी १.०२५ ने (समुद्राचं पाणी तेवढं जड असतं) गुणून १,२८,१२५
- वाकण्याचा ताठपणा ३१ कोटी २५ लाख (५० चा पाचवा घात), त्यालाही १.०२५
- कोन आणि त्वरण तेच राहतात

तो १.०२५ विसरणं ही सर्रास होणारी चूक आहे. अडीच टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण बॅलास्ट (तळाशी भरायचं वजन) भरताना हाच फरक पावणेतीन किलोंचा होतो.

या हिशेबाने १२६ मीटर व्यासाचा रोटर २.५२ मीटरचा होतो. ९० मीटरवरचा हब (रोटरचा मध्य) पाण्यापासून १.८ मीटरवर येतो, २० मीटरचा ड्राफ्ट (पाण्याखाली बुडालेली खोली) ४० सेंटिमीटर होतो आणि २०० मीटर खोली ४ मीटरवर येते. ७.१ मीटर उंचीची, १२.१ सेकंदांची लाट टाकीत १४.२ सेंटिमीटर आणि १.७१ सेकंदांची असते. प्रत्यक्षातले तीन तास साडेपंचवीस मिनिटांत उरकतात.

प्रमाण पक्कं करण्याआधी टाकीचा स्वतःचा आवर्तकाल काढा. टाकीतलं पाणी बादलीतल्या पाण्यासारखं मागे-पुढे हिंदकळतं. त्याचा काळ म्हणजे लांबीची दुप्पट भागिले (९.८१ गुणिले खोली) याचं वर्गमूळ. ४ मीटर खोल आणि ४७ मीटर लांब टाकीत तो १५ सेकंद येतो. आपल्या मॉडेलचा पुढे-मागे सरकण्याचा, म्हणजे सर्जचा, आवर्तकाल प्रत्यक्षात १०७ सेकंद, मॉडेलमध्ये १५.१. म्हणजे नेमक्या याच लांबीच्या टाकीत सर्जचे सगळे आकडे टाकीचे असतील, प्लॅटफॉर्मचे नव्हेत. अशा वेळी पाण्याची खोली, प्रमाण किंवा टाकी यांपैकी काहीतरी बदलावंच लागतं. नोंदींना फिल्टर लावून हा दोष नंतर निघत नाही.

मॉडेलचं वजन आणि जडत्व

प्लॅटफॉर्म १३,९१७ घनमीटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे मॉडेल १११.३ लिटर. पण मॉडेल तराजूवर १११.३ किलो भरलं तर चुकलं. साखळ्या त्याला खाली ओढतात आणि ती ओढ मॉडेलमध्ये साधारण दीड किलोची असते. प्लॅटफॉर्म १३,४७३ टन, टॉवर सुमारे २५० टन, रोटर आणि नॅसेल (टॉवरच्या माथ्यावरची यंत्रांची पेटी) मिळून ३५० टन. एकूण भागिले १,२८,१२५ म्हणजे १०९.८ किलो. साखळ्या न लावता पाण्यात सोडलं तर ते थोडं वर तरंगलेलं दिसेल, आणि तसंच दिसायला हवं. ते बघून बॅलास्ट वाढवण्याचा मोह आवरा.

सगळ्यात जास्त काळजी टॉवरच्या डोक्याची. रोटर-नॅसेलच्या वाट्याला २.७३ किलो येतात, म्हणजे एकूण वजनाच्या अडीच टक्के. पण ते गुरुत्वमध्यापासून दोन मीटर उंच असल्यामुळे पिचच्या (पुढे-मागे डुलण्याच्या) जडत्वात त्यांचा वाटा तीस टक्क्यांच्या घरात जातो. मोटर, टॉर्क सेन्सर, सहा घटकांचा लोड सेल (बल मोजणारा सेन्सर) आणि वायरी बसवता बसवता वर ३०० ग्रॅम वाढले, तर पिचचं जडत्व साडेतीन टक्क्यांनी वाढतं. म्हणून आधी डोकं बनवून वजन करा आणि मगच खालचा बॅलास्ट ठरवा. उलट क्रमाने गेलात तर दोनदा काम होईल.

गुरुत्वमध्य आणि जडत्व मोजायला मॉडेल धारदार टेकूंवरच्या चौकटीत लोलकासारखं टांगतात.

१. चौकटीच्या आडव्या दांड्यावर ठराविक अंतरावर ठराविक वजन ठेवा, झुकलेला कोन मोजा. वजन गुणिले अंतर, भागिले एकूण वस्तुमान, भागिले कोनाचा टॅन्जंट: उत्तर येतं ते टेकूपासून गुरुत्वमध्याचं अंतर. दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या तीन वजनांनी करा.

२. दोन-तीन अंशांचा झोका देऊन वीस हेलकाव्यांचा वेळ घ्या.

३. टेकूभोवतीचं जडत्व म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८१ गुणिले अंतर गुणिले आवर्तकालाचा वर्ग, भागिले ३९.४८. त्यातून वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग वजा करा. चौकटीचं स्वतःचं जडत्वही वजा करा.

ही वजाबाकी घातक आहे. अंतर १ मीटर असेल तर टेकूभोवतीचं जडत्व १४५ किलो-वर्गमीटरच्या आसपास येतं आणि त्यातले ११० वजा होऊन हाती ३५ उरतात. आवर्तकाल एक टक्का चुकला की १४५ मध्ये दोन टक्के, म्हणजे २.९ ची चूक होते. ३५ च्या मानाने ती आठ टक्के. टेकू गुरुत्वमध्याच्या जितका जवळ, तितकी ही चूक लहान. आलेलं उत्तर कॅडमधल्या हिशेबाशी ताडा. दोन टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका, कारण शोधा. बहुतेक वेळा चौकटीचं जडत्व नीट वजा झालेलं नसतं, नाहीतर टेकू घासत असतो.

टॉवर लवचीक हवा असेल तर फक्त वजन जुळवून भागत नाही. हबपर्यंतच्या टॉवरची पहिली वाकण्याची वारंवारता रोटरच्या फिरण्यापासून लांब राहिली पाहिजे. १२.१ फेरे प्रति मिनिट म्हणजे मॉडेलमध्ये ८५.६ फेरे, १.४३ हर्ट्झ, तीन पात्यांचा ठोका ४.२८ हर्ट्झला. टॉवरची वारंवारता या दोहोंच्या मध्ये बसवायची असते. टॉवर प्लॅटफॉर्मवर बसवल्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन ती मोजा. शिकंज्यात घट्ट धरून मोजलेली आणि तरंगत्या तळावर मोजलेली वारंवारता वेगळी येते.

साखळ्या

प्रत्यक्ष साखळीचं पाण्यातलं वजन १०८.६ किलो प्रति मीटर, म्हणजे मॉडेलला ४२.४ ग्रॅम प्रति मीटर. बाजारातली साखळी निवडताना कोरडं वजन बघू नका; दोन मीटरचा तुकडा पाण्यात बुडवून, वर काट्याला लटकवून मोजा. अशी साखळी वजनात बसली तरी ताणायला फारच ताठ निघते. प्रत्यक्ष ताठपणा ७५३.६ मेगान्यूटन, मॉडेलला ५,८८० न्यूटन, आणि साखळीची लांबी १६.७ मीटर. म्हणजे अख्खी लाइन मिळून ३५२ न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग व्हायला हवी. म्हणून अँकरच्या टोकाला स्प्रिंग घालतात. स्प्रिंग निवडताना लोड सेल आणि साखळी यांचा लवचीकपणाही त्याच रांगेत मोजायचा असतो.

अँकर मध्यापासून १६.७५ मीटरवर येतात. टाकी अरुंद असेल तर लाइन तोडून आखूड करावी लागते. तेव्हा आडव्या बलाचा आणि सरकण्याचा आलेख जुळवता येतो, पण लाइन पाण्यात हलताना तयार होणारा ताण आणि डॅम्पिंग (हालचाल मुरवणारा रोध) जुळत नाही. अहवालात ते तसंच लिहावं.

साखळ्या लावल्यावर स्थिर सरकवण्याची चाचणी करा. पुलीवरून दोऱ्याने १, २, ४, ६ न्यूटन ओढत जा आणि प्रत्येक टप्प्याला किती सरकलं ते नोंदवा. मग त्याच टप्प्यांनी परत या. जाताना आणि येतानाच्या रेषा वेगळ्या पडल्या तर कुठेतरी साखळी तळावर अडकते आहे किंवा पुली घासते आहे. मध्याजवळचा उतार साधारण २७ न्यूटन प्रति मीटर यायला हवा.

हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की वायरींचं महत्त्व कळतं. सेन्सरच्या वायरींच्या जुडग्याने फक्त अर्धा न्यूटन, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या वजनाएवढी ओढ दिली, तर मॉडेल पावणेदोन सेंटिमीटर सरकतं. प्रत्यक्षातलं ते नव्वद सेंटिमीटर. जाडजूड केबल टाळा. पातळ वायरी सैल झोळ ठेवून वरून, मॉडेलच्या जवळजवळ माथ्यावरून सोडा आणि मऊ इलॅस्टिकवर लटकवा. वायरींसह आणि शक्य असेल तिथे वायरींशिवाय सर्जचा डीके टेस्ट (मॉडेल ढकलून सोडायचं आणि हेलकावे मुरताना मोजायचे) करून फरक बघा.

शांत पाण्यातला डीके टेस्ट

अख्ख्या मोहिमेतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगून जाणारी चाचणी ही. मॉडेल एका दिशेने ढकलून किंवा झुकवून सोडायचं आणि ते शांत होईपर्यंत नोंद घ्यायची. या रचनेत काय यायला हवं: सर्ज १५.१ सेकंद, हीव (वर-खाली) २.४७, पिच ३.७९, यॉ (स्वतःभोवती वळणं) ११.४. पिच लांबला तर जडत्व जास्त आहे किंवा गुरुत्वमध्य वर गेला आहे. कुठलं ते झुकवण्याच्या चाचणीने वेगळं करता येतं. हीव चुकला तर पाण्याला छेदणारं क्षेत्रफळ तपासा, मॉडेल बनवताना स्तंभाचा व्यास वाढलेला असतो. सर्ज आखूड आला तर साखळ्यांचा सुरुवातीचा ताण जास्त आहे.

डॅम्पिंग काढताना फक्त एक लॉगॅरिदमिक सरासरी काढून थांबू नका. खांबांच्या तळाशी असलेल्या रुंद तबकड्या भोवरे सोडतात आणि ते डॅम्पिंग हालचालीच्या आकाराबरोबर वाढतं. समजा पिचची लागोपाठची शिखरं ६.०, ४.६, ३.७, ३.०५ अंश आली. प्रत्येक घट भागिले दोन शिखरांची सरासरी: ०.२६४, ०.२१७, ०.१९३. हे आकडे सरासरीसमोर (५.३, ४.१५, ३.३८) मांडले की जवळजवळ सरळ रेषा पडते. तिचा उतार अंशाला ०.०३७, आणि शून्याला छेद ०.०६९. छेद भागिले ६.२८ म्हणजे सुमारे १.१ टक्का, हे रेषीय डॅम्पिंग. उतार हा भोवऱ्यांचा वाटा. एकच सरासरी काढली असती तर साडेतीन टक्के आले असते, आणि लहान लाटांत संगणकाचं मॉडेल प्रत्यक्षापेक्षा शांत दिसलं असतं.

सोडताना हात सुटण्याची पद्धत फार बोलते. हाताने ढकललं की पिचबरोबर सर्ज आणि हीवही सुरू होतात. दोऱ्याने ओढून दोरा कापणं किंवा जाळणं चांगलं. पहिला अर्धा हेलकावा हिशेबातून वगळा. प्रत्येक दिशेला किमान तीन वेळा, दोन वेगवेगळ्या आकारांनी करा.

लाटा, मॉडेलशिवाय

लाटा आधी मॉडेल नसताना, मॉडेल जिथे असणार तिथे प्रोब (लाटेची उंची मोजणारे सेन्सर) ठेवून पक्क्या करतात. मॉडेल असताना मोजलेली लाट ही मॉडेलवरून परावर्तित झालेली लाट धरूनच असते. लाटांच्या दिशेने तीन प्रोब असमान अंतरावर लावले तर पलीकडच्या काठावरून किती लाट परत येते ते वेगळं काढता येतं. विजेच्या रोधावर चालणारे प्रोब रोज सकाळी कॅलिब्रेट करा: पाण्याची वाहकता अंशाला सुमारे दोन टक्के बदलते, दुपारपर्यंत टाकी दोन अंश तापली की लाटेची उंची कागदावर आपोआप वाढते.

लाटयंत्राला फक्त पहिल्या क्रमाचा (फर्स्ट ऑर्डर) सिग्नल दिला तर ते आपल्यासोबत नको असलेल्या लांब लाटाही तयार करतं. या लांब लाटा सर्जच्या आवर्तकालाजवळ पडतात आणि मंद सरकणं फुगवतात. नव्या टाक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या क्रमाची दुरुस्ती असते. ती सुरू आहे का ते विचारून घ्या, गृहीत धरू नका.

वारा

इथेच २०११ ची चाचणी अडली. प्रत्यक्ष ११.४ मीटर प्रति सेकंदाचा वारा फ्राउडप्रमाणे १.६१ होतो. एवढ्या मंद वाऱ्यात आणि छोट्या पात्यावर रेनॉल्ड्स आकडा (हवेच्या जडत्वाचं तिच्या चिकटपणाशी असलेलं प्रमाण) साडेतीनशे पटींनी खाली येतो. पातं आकाराने हुबेहूब असलं तरी हवा त्याच्या पाठीवरून सुटून जाते आणि ढकल पुरेसा मिळत नाही. त्या वेळी ढकल जुळवण्यासाठी वारा जवळजवळ दुप्पट सोडावा लागला. सरासरी ढकल जुळला, पण वाऱ्याचा वेग थोडा बदलल्यावर ढकल किती बदलतो हे प्रमाण बिघडलं, आणि पिचचं हवेमुळे होणारं डॅम्पिंग त्याच प्रमाणावर ठरतं. २०१३ मध्ये रुंद, कमी रेनॉल्ड्ससाठी घडवलेली पाती बसवून चाचणी पुन्हा झाली. धडा सरळ आहे: पात्याचा आकार जुळवू नका, त्याचा ढकल आणि ढकलाचा उतार जुळवा.

आपल्या रोटरचा पूर्ण ढकल, प्रत्यक्षात सुमारे ८०० किलोन्यूटन, मॉडेलवर ६.२ न्यूटन असतो. तेवढं बल पंख्याच्या भिंतीतून स्थिर येण्यासाठी तोंडाला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी लागते. मॉडेल नसताना रोटरच्या वर्तुळात किमान नऊ बिंदूंवर वेग मोजा. शिवाय रोटर वाऱ्याने जिथे सरकून जाणार आहे तिथेही मोजा. रेषीय हिशेबाने ६.२ न्यूटनला तो २३ सेंटिमीटर मागे जातो (साखळ्या ताठ होत जातात म्हणून प्रत्यक्षात कमी), आणि मोकळ्या झोताचा वेग अंतराबरोबर उतरत जातो.

पंख्यांची भिंत परवडत नसेल तर नॅसेलवर छोटा बंदिस्त पंखा बसवून संगणक सांगेल तेवढा ढकल देता येतो. रोटरच्या फिरण्याचा जायरोस्कोपिक परिणाम त्यात हरवतो आणि संगणकाला उशीर झाला तर डॅम्पिंगचं चिन्हच उलटू शकतं. तो उशीर मोजल्याशिवाय ही पद्धत वापरू नये.

पात्यांचा कोन बदलणारा नियंत्रक मॉडेलवर असेल तर त्याचा वेग प्लॅटफॉर्मच्या पिचपेक्षा संथ ठेवावा लागतो. जमिनीवरच्या चक्कीचा नियंत्रक तसाच वर चढवला तर प्लॅटफॉर्म पुढे झुकताना तो ढकल कमी करतो, मागे जाताना वाढवतो, आणि डोलणं वाढतच जातं. पहिल्या मोहिमेत पात्यांचा कोन आणि फेरे स्थिर ठेवलेलेच बरे.

चाचण्यांचा क्रम

शांत पाण्यातले डीके टेस्ट, मग स्थिर वाऱ्यातले डीके टेस्ट, मग फक्त लाटा, मग फक्त वारा, शेवटी दोन्ही. हा क्रम मोडला तर कुठला परिणाम कशाचा ते सांगता येत नाही. दोन्ही लावताना आधी वारा सुरू करा, मॉडेल सरकून स्थिर होऊ द्या, मगच लाटयंत्र. उलट केलं तर सर्जचा सुरुवातीचा हेलकावा नोंदीत मिसळतो, आणि १५ सेकंदांचा हेलकावा मुरायला बराच वेळ लागतो. दोन फेऱ्यांमध्ये पाणी शांत होण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं थांबा. पृष्ठभाग सपाट दिसत असला तरी लांब हिंदकळणं चालूच असतं, ते प्रोबच्या नोंदीत दिसतं.

हालचाल मोजायला कॅमेऱ्यांसाठी चार-पाच चमकते मार्कर, एकाच पातळीत नसलेले आणि असमान मांडणीत. पाण्यातलं प्रतिबिंब कॅमेऱ्याला दुसरा मार्कर वाटतं, तेव्हा मार्कर पाण्यापासून जितके वर तितके बरे. नोंद १०० हर्ट्झला पुरते. टॉवरवरच्या त्वरणमापकांसाठी २००. कॅमेरे, प्रोब आणि लोड सेल वेगवेगळ्या यंत्रांवर असतील तर सगळ्यांना एकच ट्रिगर द्या, नाहीतर लाट आणि हालचालीतला कोन खोटा येतो. साखळ्यांचा सुरुवातीचा ताण मॉडेलमध्ये ८.६ न्यूटन असतो. ५०० न्यूटनचा लोड सेल पडून आहे म्हणून वापरू नका, ५० न्यूटनचा घ्या.

आकड्यांचं काय करायचं

आधी मंद आणि लाटेच्या वेगाची हालचाल वेगळी करा. या रचनेला मॉडेलमध्ये ०.३५ हर्ट्झची सीमा ठीक बसते: सर्ज, यॉ आणि पिच खाली, हीव आणि लाटा वर. लाटेच्या प्रति मीटर हालचाल किती, हा आलेख लाटेत ऊर्जा आहे तेवढ्याच पट्ट्यात काढा. लाट जवळजवळ शून्य असलेल्या वारंवारतेला भागाकार केला की आलेखात जी शिखरं उगवतात, ती गोंगाटाची असतात. दोन्ही नोंदींचा कोहेरन्स (त्या किती एकमेकींशी जुळतात याचं शून्य ते एक मधलं माप) ०.८ च्या खाली गेला की तो भाग वगळलेला बरा.

तीन तासांच्या समुद्रात सर्जचे फक्त शंभरेक हेलकावे होतात. त्यातलं सर्वांत मोठं सरकणं हा एका नोंदीचा योगायोग असतो. तीच लाटस्थिती वेगवेगळ्या बीजांनी (लाटांचा यादृच्छिक क्रम ठरवणाऱ्या आकड्यांनी) पाच-सहा वेळा चालवा आणि कमाल सरकण्याची सरासरी आणि पसारा दोन्ही द्या.

टीएलपी असेल तर बरंच वेगळं. त्याचा हीव प्रत्यक्षात दोन ते चार सेकंदांचा, मॉडेलमध्ये ०.२८ ते ०.५७. तिथे टाकीच्या तळाचा ताठपणाही मोजावा लागतो. प्लायवूडच्या पाट्यावर अँकर बसवला तर टेंडनपेक्षा पाटाच जास्त वाकतो. टेंडन क्षणभर सैल पडून पुन्हा ताणला जाण्याचा झटका पकडायला १०० हर्ट्झ पुरत नाही, ५०० च्या वर जावं लागतं.

रोज सकाळी पहिली आणि संध्याकाळी शेवटची चाचणी एकच ठेवा: पिचचा डीके टेस्ट. आवर्तकाल ३.७९ वरून ३.८५ वर गेला असेल तर दिवसभरात कुठेतरी पाणी शिरलं आहे किंवा बॅलास्ट हलला आहे. दुपारच्या नोंदी त्या दिवशीच तपासता येतात. मॉडेल टाकीतून काढल्यावर नाही.